मच्याडो सरांनी न दिलेलं उत्तर

सभेत मच्याडो सरांच्या तोंडून काही चुकीचं गेलं की दोन-तीन दिवसांत आमच्या घरी पोस्टकार्ड यायचं. लाल शाईत, बारीक, सरळ अक्षरात. ‘रविवारच्या सभेत मी म्हणालो की सगळ्यात मोठी भरती अमावास्येच्या दिवशी येते. अर्नाळ्याच्या जनूभाऊंनी नंतर सांगितले की ती एक-दोन दिवस उशिरा येते. मी खात्री न करता बोललो. क्षमस्व. ल. मच्याडो.’ असं एकेक कार्ड मंडळाच्या सगळ्या सभासदांना जायचं. सभासद तीस-पस्तीस. म्हणजे एका चुकीपायी सर दोन संध्याकाळी बसून कार्डं लिहीत असणार.

मनवेलपाड्यातल्या आमच्या चाळीत पोस्टमन ती कार्डं वाचूनच हातात द्यायचा. “बाई, सर पुन्हा चुकले बरं का,” असं म्हणायचा.

मी विरारच्या एका शाळेत गणित शिकवत होते. नव्वद सालानंतर लगेचच आम्ही साताऱ्याकडून इकडे आलो. इथे माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं, पापडीला वाचनालयाच्या माडीवर दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी दहाला नीतिविचार मंडळाची सभा असते, जाऊन बघा. मला वाटलं प्रवचन वगैरे असेल. गेले तर तिथे ना देवाची तसबीर, ना हार, ना समई. पंचवीसेक माणसं सतरंजीवर बसलेली आणि पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले एक उंच, सावळे गृहस्थ उभे राहून सांगत होते, “खोटं बोलायला माझी हरकत नाही. फक्त बोलताना, हे खोटं आहे, एवढं सांगून बोला.”

लोक हसले. सर हसले नाहीत. त्यांनी ते अगदी मनापासून सांगितलं होतं.

हे मंडळ त्यांनी ऐन तारुण्यात, मास्तरकीला लागल्यावर काढलं. देव मानणं न मानणं ज्याचं त्यानं बघावं, पण माणसानं माणसाशी नीट वागावं आणि त्यासाठी कुणाच्या भीतीची गरज पडू नये, एवढंच मंडळाचं म्हणणं. नियम एकच होता, आणि तो सरांचा होता. सभेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालंच पाहिजे. ‘माहीत नाही’ हे उत्तर चालेल. ‘नंतर बघू’ चालणार नाही.

आता, पापडीसारख्या गावात, चार पिढ्यांच्या ख्रिस्ती घरात जन्मून असं मंडळ काढणं सोपं नव्हतं. तरी सरांनी गावाशी कधी भांडण केलं नाही. त्यांची बायको मार्थाबाई मोठी भाविक. दर रविवारी सकाळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, सर तिच्याबरोबर देवळाच्या फाटकापर्यंत चालत जायचे. इकडे चर्चला देऊळच म्हणतात. ती आत जायची. हे बाहेर कुंपणाच्या कठड्यावर बसून वर्तमानपत्र वाचायचे. मिस्सा संपली की दोघं बरोबर घरी, आणि सभेचा रविवार असला की मग सर सायकल काढून मंडळात. वर्षानुवर्षं हाच क्रम. एकदा फादरांनी त्यांच्यासाठी खुर्ची पाठवली. सरांनी ती आभार मानून परत केली. म्हणाले, “खुर्चीवर बसलो तर मी कार्यक्रमाला आलो असं होईल.”

फादरही हसले म्हणे.

सरांचं सगळंच असं हसू येण्याजोगं होतं, असं मात्र नाही. मी मंडळात आले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. सामंत म्हणून मंडळाचे एक जुने सभासद होते, पहिल्या दिवसापासूनचे. सरकारी कचेरीत होते. भारदस्त माणूस, सभेच्या सतरंज्या स्वतः झाडून घालायचे. त्यांच्या मुलीनं नालासोपाऱ्याला जागा घेतली. तिच्या सासरच्यांनी सत्यनारायण घातला आणि सामंतांना सोवळं नेसून पूजेला बसावं लागलं. कुणीतरी ते मंडळात सांगितलं.

सरांनी भर सभेत विचारलं, “सामंत, पूजेला बसलात तेव्हा तुम्ही मानत होता की नव्हता?”

सामंत म्हणाले, “मुलीसाठी बसलो, सर.”

“हे कारण झालं. मी उत्तर विचारतोय.”

“नव्हतो मानत.”

“मग हात जोडले ते कुणाला?”

सामंतांनी सतरंजीची सुरकुती हातानं सरळ केली. मग उठले, कोपऱ्यातल्या चपला पायात घातल्या आणि जिना उतरून गेले. परत कधी आले नाहीत. सरांचा आवाज चढलेला नव्हता. पण मला ते बघवलं नव्हतं. त्या आठवड्यात मी पोस्टकार्डाची वाट बघितली. आलं नाही. सरांच्या मते त्यात चूक काहीच नव्हती.

पुढं दोन-तीन वर्षांनी मंडळाची चिटणीस म्हणून माझं नाव पुढं आलं. सभेचं इतिवृत्त लिहायचं, निमंत्रणं काढायची. त्या निमित्तानं सरांच्या घरी जाणं सुरू झालं. घर बसकं, कौलारू, पुढं पडवी, मागं राजेळी केळींची वाडी. मार्थाबाई लाल चौकड्यांचं लुगडं नेसायच्या. घरात दोघं आपल्या बोलीत बोलायचे. मला त्यातलं निम्मंच कळायचं, पण मार्थाबाई सरांना कशावरून तरी सारख्या दटावत असायच्या आणि सरांना ते आवडायचं, एवढं समजायचं. सर मला ‘शिंदेबाई’ म्हणायचे. मार्थाबाई नुसतंच ‘बाय’. मंडळाचा विषय निघाला की त्या कपाळाला हात लावायच्या. “बाय, मी रोज याच्यासाठी मागते. एक दिवस मायला दया येल.” माय म्हणजे मारियामाता.

“माग, माग,” सर म्हणायचे. “तुझा हक्क आहे.”

मग एका सकाळी विहिरीपाशी त्या कोसळल्या. अर्धांगाचा झटका. महिनाभर दवाखान्यात होत्या. घरी आल्या तेव्हा उजवं अंग लुळं आणि वाचा गेलेली. सगळं ऐकू यायचं, कळायचं, पण बोलायला जावं तर शब्दच सापडेना. दोनच शब्द उरले होते. ‘हां’ आणि ‘नको’. पाणी हवं असलं तरी हां, माशी बसली तरी नको. सर त्यांच्यासमोर बसून वाटी दाखवायचे, “म्हण, वाटी.” त्या ओठ गोळा करायच्या, डोळ्यांत पाणी यायचं, आणि शेवटी “नको”.

याच्या पुढची गोष्ट मला सरांनी स्वतः सांगितली. पडवीत बसून, आत ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात. सरांना हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“शेजारच्या बायका एका संध्याकाळी घरी जपमाळ म्हणायला आल्या. मी वाडीत निघून गेलो होतो. थोड्या वेळानं त्यातली एक धावत आली, सर, मार्था बोलते! येऊन बघतो तर खरंच. नमो मारिया, अख्खी प्रार्थना. शब्द न शब्द. त्या थांबल्या की ही थांबायची, त्यांनी सुरू केलं की हिचं सुरू. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, लहानपणापासून पाठ असलेलं कधी कधी शाबूत राहतं. जे येतंय ते रोज तिच्याबरोबर म्हणा, जीभ वळायला लागेल.”

“मग?”

“मग काय. शेजारणी रोज कुठून येणार? त्यांना त्यांची घरं आहेत. मी म्हणायला लागलो. औषध म्हणून. सकाळी एकदा, संध्याकाळी साडेसहाला एकदा. पहिल्या दिवशी मी सुरुवात केली तशी ती माझ्याकडे बघतच राहिली. मग रडायला लागली. माझा हात डाव्या हातानं असा धरला, सोडेचना. शिंदेबाई, तिला वाटलं, तिनं इतकी वर्षं मागितलं ते मिळालं.”

मी आतल्या दाराकडे बघितलं.

“मला तेव्हाच सांगायला हवं होतं, मार्था, हे औषध आहे. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. पुढच्या रविवारी फाटकाशी आलो, तिची चाकाची खुर्ची माझ्या हातात. तिनं माझं मनगट पकडलं आणि आत बोट दाखवलं.”

सर आत गेले. गावानं बघितलं. संध्याकाळपर्यंत पापडीभर झालं, मच्याडो सर परत आले. म्हाताऱ्या बायका रस्त्यात थांबवून त्यांचा हात हातात घ्यायच्या. कुणी मुलाच्या लग्नात बायबलमधलं वाचन करायला बोलवायचं, कुणी कसल्याशा समितीवर या म्हणायचं. सर सांगायचे, घसा बसलाय, गुडघा दुखतो. हे धडधडीत खोटं, आणि ते खोटं आहे असं सांगायची सोय नव्हती. मानत नाही म्हणावं, तर गाव ते मार्थाबाईंच्या कानावर घालणार. लोकांना तो त्यांचा नम्रपणा वाटायचा. धर्मग्रामाच्या, म्हणजे देवळाच्या मासिकात त्यांच्यावर लेख लिहायचा बेत निघाला तेव्हा सर फादरांना जाऊन भेटले आणि नुसतं म्हणाले, “हे थांबवा. का, ते विचारू नका.” फादरांनी थांबवलं, विचारलंही नाही. मिस्सेत श्रद्धावंत घेतात तो ख्रिस्तप्रसाद घ्यायला सर कधी उठायचे नाहीत, हे त्यांनी पाहिलेलं असणार.

“तुम्ही त्या प्रार्थना म्हणता तेव्हा...” मी एकदा सुरुवात केली.

“त्यातला ‘मी’ म्हणजे मी नाही,” सर लगेच म्हणाले. “तिचं तोंड चालत नाही, म्हणून माझं तिला वापरायला दिलंय. असं मी स्वतःला सांगतो.” मग म्हणाले, “सामंतांनी असं काही सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं का?”

मंडळात सगळ्यांना कुणकुण लागली होती, पण विचारायचं कुणी? सरांनी स्वतःच सभासदांसाठी एक पोस्टकार्ड लिहिलं होतं, ते मला दाखवलं. ‘मी रोज प्रार्थना म्हणतो. त्यावर माझा विश्वास नाही.’ लाल शाईत. ते टाकलं मात्र नाही. पोस्टकार्ड गावात चारजण वाचतात. मार्थाबाईंना वाचता येत होतं. मी म्हटलं, पाकिटात घालून पाठवा. तर म्हणाले, “पाकिटात घालायचं म्हणजे लपवूनच सांगायचं. मग सांगून उपयोग काय?” अध्यक्षपद सोडतो म्हणाले, तर कार्यकारिणी ऐकेना. दोन महिन्यांवर मंडळाचा रौप्यमहोत्सव आला होता. पंचवीस वर्षं ज्यांनी मंडळ चालवलं त्यांच्याशिवाय समारंभ कसला? तेवढा होऊ द्या सर, मग बघू.

निमंत्रणं छापून आली. मी गठ्ठा घेऊन सरांकडे गेले. मार्थाबाईंनी एक उचललं, नीट वाचलं. मग निमंत्रणावर बोट ठेवलं, स्वतःच्या छातीवर ठेवलं. “हां,” म्हणाल्या. “हां, हां.”

आम्हाला कळायला वेळ लागला. त्यांना यायचं होतं. पंचवीस वर्षांत मंडळाची पायरी न चढलेली बाई. नवरा आपल्या देवळात येतो, तर आपण त्याच्याकडे एकदा जायला नको का?

सर म्हणाले, “ये ना. ये.” आणि केळींत निघून गेले.

समारंभ शाळेच्या सभागृहात होता. दीडेकशे माणसं. जुन्या सभासदांना आवर्जून बोलावलं होतं, त्यात सामंतांनाही. निमंत्रण मीच पाठवलं होतं, सरांना विचारून. ते येतील असं वाटलं नव्हतं. आले. केस पांढरे झालेले, डाव्या बाजूला भिंतीकडेला बसले. पहिल्या रांगेच्या पुढं मार्थाबाईंची चाकाची खुर्ची. धुतलेलं लाल लुगडं, केसांत अबोलीची वेणी, शेजारणीनं माळलेली. त्या मान वळवून वळवून सगळं बघत होत्या. लग्नघरी आल्यासारख्या.

सर चांगलं बोलले. मंडळानं केलेल्या गोष्टी सांगितल्या, न जमलेल्या जास्त सांगितल्या. मग वर्धापनदिनाचा आमचा रिवाज होता तो प्रश्नांचा भाग सुरू झाला. अध्यक्षांना कुणीही, काहीही विचारावं. हा रिवाजही सरांचाच. दोन-तीन साधे प्रश्न झाले. मग सामंत उभे राहिले.

त्यांच्या हातात कागद होता. तो त्यांनी उघडला नाही.

“सर, मी एकदा पूजेला बसलो होतो. तुम्ही विचारलंत, मानता की नाही. मी म्हटलं, मुलीसाठी बसलो. तुम्ही म्हणालात, हे कारण झालं, उत्तर द्या. मी दिलं. सगळ्यांच्या देखत दिलं.” त्यांनी कागदाची घडी आणखी लहान केली. “आता तुम्ही रोज जपमाळ म्हणता. देवळात जाता. कारण मला माहीत आहे, ते सांगू नका. उत्तर द्या. तुम्ही मानता की नाही?”

मी मंचावर सरांच्या शेजारी बसले होते, इतिवृत्ताची वही मांडीवर. अर्नाळ्याचे जनूभाऊ, मंडळातले एकुलते एक कोळी सभासद, दांडगा माणूस, तिसऱ्या रांगेतून उठले. “सामंत, हा काय विचारायचा टाइम हाय? खाली बसा. सर, तुमी काय पन बोलू नका.”

“बसा जनूभाऊ,” सर म्हणाले. “प्रश्न बरोबर आहे.”

त्यांनी टेबलाची कड धरली. खाली मार्थाबाई मान वर करून त्यांच्याकडे बघत होत्या. ‘मानतो’ म्हटलं तर पंचवीस वर्षांच्या मंडळासमोर खोटं. ‘नाही’ म्हटलं तर ते तिच्या तोंडावर. ‘माहीत नाही’ म्हणून सुटता आलं असतं. नियमात बसत होतं. पण माहीत होतं. सरांनी तोंड उघडलं.

“नको.”

मार्थाबाई बोलल्या होत्या. मोठ्यानं, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं. डावा हात वर केलेला. “नको. नको.”

सर तिच्याकडे बघत राहिले. मग सामंतांकडे वळले.

“मी या प्रश्नाचं उत्तर देणार नाही,” ते म्हणाले. “नियम माझा आहे आणि मी तो मोडतोय. म्हणून आजपासून मी मंडळात नाही. सामंत, त्या दिवशी मी तुम्हाला जे विचारलं, ते विचारायला नको होतं. ते कळायला मला उशीर झाला.”

भाषणाचे कागद त्यांनी तसेच टेबलावर ठेवले आणि खाली उतरून खुर्चीच्या दांड्या हातात घेतल्या. कुणीही उठलं नाही. दाराशी तीन पायऱ्या होत्या. सर एकटेच खुर्ची तिरकी करायला लागले, ते काही जमेना. तेव्हा भिंतीकडून सामंत आले. खुर्चीची पुढची बाजू त्यांनी धरली. दोघांनी मिळून ती उतरवली.

मी वहीत लिहिलं, ‘प्रश्न विचारण्यात आला. अध्यक्षांनी उत्तर दिले नाही.’

मंडळ त्यानंतर दोन वर्षं कसंबसं चाललं. सभेला आठ-दहा माणसं यायची. मग वाचनालयानं माडी दुसऱ्या कामाला घेतली आणि आम्ही कुणी दुसरी जागा शोधली नाही.

सर घरात अडकले ते अडकलेच. मार्थाबाई त्यानंतर पाच वर्षं होत्या. त्यांना सोडून सरांना तासभराच्या वर कुठं जाता यायचं नाही. मंडळातले लोक त्यांच्याकडे फिरकेनात. काहींना वाटायचं त्यांनी फसवलं. गावातल्यांना आपले सर मिळाले होते, पण त्यांना जे सर मिळाले होते ते सर नव्हतेच. आजूबाजूच्या वाड्या विकल्या जाऊन चार-चार मजली इमारती उठल्या, पडवीत दुपारीच अंधारून यायचं. मी महिन्यातून एकदा जायचे. साडेसहाला त्यांची प्रार्थना असायची, त्याच्या आत निघायचे.

एकदा मी विचारलंच. “त्या दिवशी मार्थाबाई नको म्हणाल्या, ते कशासाठी? त्यांना कळलं होतं?”

सर केळी सोलून मार्थाबाईंच्या वाटीत बारीक करत होते.

“कळलं असेल तर तिनं मला सोडवलं. कळलं नसेल तर ती घाबरली असेल, सगळे माझ्याकडे रोखून बघत होते. किंवा नुसतं घरी जायचं असेल. शिंदेबाई, नकाराला तिच्याकडे एकच शब्द आहे. डाळीत मीठ जास्त झालं तरी ती तोच वापरते.”

“तुम्ही विचारलं नाहीत?”

“कसं विचारू? विचारायचं म्हणजे सांगायचंच झालं.”

आतून खुर्चीवर हात आपटल्याचा आवाज आला. सर वाटी घेऊन उठले.

दोन हजार चार-पाच साल असेल, मार्थाबाई झोपेतच गेल्या. अंत्यविधीला देऊळ भरलं होतं. सर पहिल्या बाकावर, ताठ. सगळे प्रार्थना म्हणत होते तेव्हा मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचे ओठ मिटलेले होते. मला वाटलं, चला, सुटले.

त्यानंतर सर वर्षभरही राहिले नाहीत. गावानं त्यांना मार्थाबाईंच्या शेजारी, सगळ्या विधींसकट पुरलं. त्यांनी त्याबद्दल काही लिहून ठेवलं नव्हतं, ही गोष्ट मला फार दिवस चमत्कारिक वाटत होती. इतक्या काटेकोर माणसानं. तरी मला शेवटचे सर आठवतात ते त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशीचे नाहीत, त्याच्या आधी महिनाभराचे, अर्नाळ्याचे.

जनूभाऊंनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं होतं. सर इतक्या वर्षांत पहिल्यांदा एवढ्या लांब आले होते. दुपारभर आम्ही त्यांच्या अंगणात बसलो. समोर बोंबील वाळत घातलेले, पलीकडे बेटावरचा किल्ला. सर मोकळे बोलत होते, जुन्या सभांच्या गोष्टी काढत होते, हसतही होते. जनूभाऊंनी चहा टाकायला सांगितलं. तेवढ्यात सरांनी घड्याळ बघितलं आणि वाक्य अर्धवट सोडून उठले.

“कुठं चालला सर?” जनूभाऊ म्हणाले. “च्या होतंय.”

“घरी. साडेपाच होऊन गेले, मला सव्वासहाला तिथे...” सर थांबले. एक चप्पल पायात होती, दुसरी हातात. माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं.

“आता कोन हाय घरात?” जनूभाऊ हळूच म्हणाले. “बसा की. सावकाश जा. मी पोचवतो तुमाला.”

सरांनी वाकून दुसरी चप्पल घातली. “निघतो,” म्हणाले.

आम्ही दोघं त्यांच्याबरोबर नाक्यापर्यंत गेलो. वसईची एसटी उभीच होती. सर चढले आणि पुढच्या बाजूला खिडकीशी बसले. मी हात हलवला. त्यांनी बघितलं नाही. ते समोर, ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे बघत होते, आणि दर थोड्या वेळानं घड्याळाकडे.

“ही सुटते कधी?” त्यांनी कंडक्टरला विचारलं.

“सुटेल बाबा,” तो म्हणाला. “बसा.”